तीन तज्ज्ञ आणि बंद पडलेला कॉम्प्युटर

सुनावणीला अकरा दिवस उरले असताना आमच्या घरातला कॉम्प्युटर मेला. पूर्ण मेला असता तरी एक वेळ चाललं असतं. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा आणि पडदा काळा तो काळाच. पाच-सहा वेळा दाबलं की एखाद वेळी उजेड दाखवायचा, मिनिटभर आशा लावायचा आणि आपला आपण बंद व्हायचा. निवडणुकीच्या आधीच्या आश्वासनासारखा.

त्याच्या पोटात बत्तीस बायकांचं निवेदन होतं.

ते काय होतं ते आधी सांगते. बिबवेवाडीच्या बाजूला एका औद्योगिक वसाहतीत स्टॅबिलायझर आणि यूपीएस बनवणारी एक कंपनी होती. माझी आई तिथे एकोणीस वर्षं कामाला होती. नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीचं कार्ड नाही. सकाळी साडेआठला आत, संध्याकाळी सहाला बाहेर. मग देशाचे दरवाजे उघडले. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा त्या उघड्या दरवाजातून परदेशी बनावटीचे तयार बोर्ड खोक्यांतून आत आले, आणि मालकाच्या लक्षात आलं की बाईकडून बोर्ड बनवून घेण्यापेक्षा तयार बोर्डावर आपलं लेबल चिकटवणं स्वस्त पडतं. एका शनिवारी बत्तीस बायकांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. आम्ही कामगार आयुक्तांच्या कचेरीत तक्रार केली. कंपनीने लेखी उत्तर दिलं की या महिला आमच्या कामगार कधी नव्हत्याच. अधूनमधून कंत्राटदारामार्फत पॅकिंगसाठी येत असत.

एकोणीस वर्षं. अधूनमधून.

सुनावणी सोमवारी होती, आणि तिथे बायकांनी आपली बाजू लेखी द्यायची होती. दिली नाही तर फाइलीत एकच कागद राहणार होता, कंपनीचा. म्हणजे आई तिथे कधी नव्हतीच, हेच खरं ठरणार होतं.

लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी बावीस वर्षांची, एका युवक संघटनेत होते आणि पत्रकं लिहिण्यात पटाईत होते. महिनाभर रोज संध्याकाळी वह्या घेऊन वस्तीत फिरले, एकेकीचं म्हणणं लिहून घेतलं आणि कॉम्प्युटरवर टाइप केलं. टाइप झालेल्या वह्या मी काय केल्या? रद्दीत दिल्या. आई म्हणाली होती, "राहू दे, जागा खातात का?" त्यावर मी तिला ऐकवलं होतं की कागदाचा जमाना गेला. फ्लॉपीवर घेणार होते, सगळं पूर्ण झालं की. जगातले सगळे आळशी लोक सगळं पूर्ण झाल्यावर काहीतरी करणार असतात.

कॉम्प्युटर वडिलांनी घेतला होता. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्या काळात पुण्यात प्रत्येक बापाला वाटायचं की घरात कॉम्प्युटर आला की मुलं आपोआप हिंजवडीला पोचतात. त्याला प्लास्टिकची झूल होती, पडद्याला वेगळी, कीबोर्डला वेगळी. त्याच्या खोलीत चपला चालत नव्हत्या. आणि आईने त्याला हात लावायचा नाही असा नियम होता, कारण तिने एकदा तो ओल्या फडक्याने पुसला होता. नियम वडिलांनी केला. अंमलबजावणी मी करायचे. "आई, तू नको, बिघडेल," हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल त्याची मोजदाद नाही.

पहिला तज्ज्ञ कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानाचाच माणूस. गुरुवारी फोन केला, "उद्या येतो" म्हणाला, शनिवारी उगवला. दारातच विचारतो, "घरात कुणी जेन्ट्स नाहीत का?"

"आहेत. ऑफिसला गेलेत. कॉम्प्युटर मी वापरते."

"तसं नाही मॅडम, टेक्निकल सांगायचं असतं ना."

"मला सांगा. मला मराठी कळतं."

त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, "खोडरबर आहे का?" मला वाटलं, थट्टा करतोय. नव्हता करत. मेमरीची पट्टी उपसली, तिचे सोनेरी दात शाळकरी मुलासारखे खोडरबरने घासले, तोंडाने जोरात फुंकर मारली, पट्टी परत खोचली आणि बटण दाबलं. लागला!

"बघा. धूळ होती." आई चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्याकडे बघत म्हणाला, "साफसफाई नीट ठेवत जा, मावशी."

 आईची नजर त्याच्यावर नव्हतीच, उघड्या डब्यावर होती. पण त्याने झाकण लावलं, चहा प्यायला आणि निघाला. तो जिना उतरून स्कूटरपाशी पोचायच्या आत पडदा काळा. मी गॅलरीतून ओरडले, "अहो! गेला परत!"

त्याने वर बघितलं. "मग व्हायरस असणार! फॉरमॅट मारावं लागेल!"

"आणि आतलं?"

"आतलं जाणार की!" असं म्हणून त्याने स्कूटरला किक मारली.

दुसरा तज्ज्ञ घरचा. माझा मावसभाऊ, अकोल्याहून पुण्याला शिकायला आला आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागला. आमच्या सगळ्या नात्यात पहिला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे रविवारी, तो आला तेव्हाही त्याच्या गळ्यात कंपनीचा ओळखपत्राचा पट्टा होता. आंघोळीला तरी काढत असेल, अशी आशा आहे. वडिलांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली.

तो कॉम्प्युटरपासून हातभर लांब उभा राहिला आणि म्हणाला, "बेसिकली हा हार्डवेअर इश्यू आहे."

"म्हणजे काय, दादा?"

"म्हणजे इश्यू हार्डवेअरमध्ये आहे."

"ते कळलं. दुरुस्त करतोस का?"

"अगं, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे असं काही झालं की तिकीट टाकायचं, सपोर्टचा माणूस येतो."

"मग इथे कुणाच्या नावाने टाकू तिकीट?"

वडिलांनी मला डोळ्यांनी दटावलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, आत उघडून तर पाहा."

"मावशी, ते असं उघडायचं नसतं गं. तू पोहे कर ना, तुझ्या हातचे खाऊन किती दिवस झाले."

आई पोहे करायला गेली. त्याने दोन बशा खाल्ल्या आणि निकाल दिला की मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. आतल्या निवेदनाचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "बॅकअप नाही? ओ गॉड." एवढ्यासाठी त्याला चार वर्षं इंजिनीअरिंग शिकवलं होतं. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण अख्खं पुणं तेव्हा ज्यांना कॉम्प्युटरवाले म्हणून डोक्यावर घेऊन नाचत होतं, त्यांतल्या एकाच्याही हातात मी स्क्रू ड्रायव्हर बघितला नाही. मशीन कुणीतरी दुसऱ्याने बनवायचं, तिसऱ्याने दुरुस्त करायचं आणि यांनी गळ्यात पट्टा घालून त्याच्यासमोर बसायचं. याला आपण प्रगती म्हणायचो.

तिसरा तज्ज्ञ वडिलांच्या साहेबांनी सुचवला. साहेब रजेवर होते, ते बुधवारी आले, आणि गुरुवारी मी तो डबा मांडीवर घेऊन रिक्षाने सदाशिव पेठेत गेले. "तिथला माणूस प्रामाणिक आहे," असं साहेबांचं प्रशस्तिपत्र होतं. असेलही. प्रामाणिकपणात कुठे कमी पडला असं मी म्हणणार नाही. मनात होतं ते सगळं बोलला.

चष्म्यावरून न बघताच म्हणाला, "काय?"

"सुरू होत नाही."

"कशामुळे?"

"ते कळलं असतं तर इथवर आले असते का?"

"इथवर म्हणजे कुठून?"

"बिबवेवाडीहून."

"हं."

त्या 'हं'मध्ये सगळी पेठ होती. मग त्याने डब्याकडे बघितलं. "दसऱ्याला पूजा-बिजा केलेली दिसत नाही. इतर गिऱ्हाइकं करतात. हळदीकुंकू आत सांडून ठेवतात, पण करतात."

"आमच्याकडे पूजा नसते."

"का बरं?"

"बौद्ध आहोत आम्ही."

"अस्सं." आता मात्र त्याने चष्मा काढला. "छान. शिक्षण सवलतीत होत असेल ना? चांगलंय. आपण काय करता?"

इतका वेळ मी त्याच्यासाठी कुणीच नव्हते, जात कळताच एकदम 'आपण' झाले. मी म्हटलं, "पत्रकं लिहिते. तुमच्यावरही एक लिहीन म्हणते."

त्याला हसू आलं नाही. त्याने वायर लावली, बटण दाबलं, पंख्याचा आवाज ऐकला. डबा उघडलाही नाही. "मदरबोर्ड गेला. नवीन टाकावा लागेल, सगळं पुन्हा भरावं लागेल, आतलं राहणार नाही. ठेवून जा. दहा दिवस."

"माझी सुनावणी सोमवारी आहे."

"ती आमच्याकडे नाही ना."

मी डबा उचलला आणि बाहेर पडले. आतली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तर माझं निवेदन तासाभरात बाहेर आलं असतं, हे मला फार पुढे कळलं. तिघांपैकी एकानेही ते सांगितलं नाही. ठाऊक नव्हतं की सांगावंसं वाटलं नाही, यातलं काय जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी येऊन मी डबा जमिनीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून आठवून आठवून हाताने लिहायला लागले. बत्तीसपैकी अकरा जणींचं आठवलं. त्यातही कुणाचा शब्द कुठला याची सरमिसळ. संतापाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आई अकोल्याकडची. पुण्यात पंचवीस वर्षं काढून तिचं बोलणं इथल्यासारखं झालंय. पण चिडली किंवा कामात बुडली की वऱ्हाड परत येतं. ती आत आली.

"काऊन रडून रायली?"

"रडत नाहीये."

"मग नाक काऊन लाल झालं?"

"आई, तू जा. सगळं संपलंय. मदरबोर्ड गेला."

"कोनं पाहिला?"

"काय?"

"बोर्ड. गेला म्हणतं तू, तर कोनं पाहिला?"

 खरंच, कुणी पाहिला होता? पहिल्याने मेमरीची पट्टी पाहिली. दुसऱ्याने पोहे पाहिले. तिसऱ्याने माझी जात पाहिली. बोर्ड कुणीच पाहिला नव्हता.

"पेचकस आण," आई म्हणाली. पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर.

आणि मी काय म्हणाले? आजही लिहिताना लाज वाटते. "आई, तू नको, शॉक बसेल."

"एकोणीस वर्षं बसला नाही, आता बसते का?"

तिने हात धुऊन कोरडे केले, मग नळाला दोन्ही तळवे टेकवले. "अंगातली वीज उतरू दे." डबा आडवा केला, झाकण काढलं, मला बॅटरी धरायला लावली. पहिली कितीतरी मिनिटं तिने कशालाच हात लावला नाही. नुसती बघत होती, एका कोपऱ्यातून सुरू करून ओळीने. तांदूळ निवडल्यासारखं, असं लिहायचा मोह होतोय, कारण बाईने काहीही केलं की आपल्याला तांदूळच आठवतात. तसं ते नव्हतं. ती बोर्ड बघत होती आणि बोर्ड बघणं हे तिचं काम होतं.

"हे पाय," तिने बोट दाखवलं.

मधल्या मोठ्या चिपेच्या कडेला पाच छोटी नळकांडी रांगेत उभी होती, करंगळीच्या पेराएवढी. दोघांची डोकी सपाट होती. तिघांची फुगलेली. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तपकिरी खपली धरली होती.

"डोकं सपाट पायजे. हे फुगले. अन् हा तर फुटला."

"काय आहे हे?"

"कपॅसिटर. वीज स्थिर ठेवते. हे गेले की चिपेले पुरती वीज भेटत नाही, मग ते उठते अन् बसते, उठते अन् बसते."

"म्हणजे मदरबोर्ड गेला नाही?"

"तीन कपॅसिटर गेले. बल्ब गेला तर घर गेलं म्हणतं का तू?"

मी विचारलं, "तुला हे कसं माहीत?"

तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. रागाने नाही. कुणी रस्त्यात ओळख न दाखवता निघून गेलं की आपण बघतो, तसं.

"शेवटची अकरा वर्षं मी रिजेक्शनच्या टेबलावर होती," ती म्हणाली. "तपासणीत नापास झालेले बोर्ड माझ्याकडे यायचे. मी चूक काढून द्यायची. तुले काय वाटलं, मी तिथं झाडू मारायची?"

मला वाटायचं, वायरी जोडत असेल. इतकंच. अकरा वर्षांत विचारलं नव्हतं.

तिने कागदावर सगळ्या वायरींचा नकाशा काढला, कुठला रंग कुठल्या खाचेत, आणि मगच त्या सोडवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तपकीर गल्लीत गेलो. सुट्या भागांच्या दुकानदाराने सवयीने माझ्याकडे बघितलं. "बोला ताई."

आई म्हणाली, "एक हजार मायक्रोफॅरॅड, दहा व्होल्ट. तीन द्या. उंचीला हा बघा, याच्यापेक्षा मोठा नको, वर पंखा येतो."

त्याची मान वळली. "पंच्याऐंशी डिग्रीवाला देऊ?"

"नको. एकशे पाचवाला द्या. शेजारी चिप तापते."

त्याने डबी काढली, तीन मोजले, मग थांबून आणखी एक टाकला. "राहू द्या जादाचा. कुठल्या कंपनीत होता, काकू?"

आईने कंपनीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अरे हो, तिथला माल सॉलिड असायचा. आता काय झालंय त्यांना?"

"आता आम्ही नाही तिथं," आई म्हणाली. त्या आठवडाभरात कुणी तिला पहिल्यांदा तिच्या कामाचं विचारलं होतं, आणि तो अनोळखी दुकानदार होता.

दुपारी तिने माळ्यावरून जुन्या परकरात गुंडाळलेला सोल्डरिंग आयर्न काढला. स्वतःचा. कंपनीचे आयर्न नीट तापायचे नाहीत म्हणून तिने आपल्या पगारातून घेतला होता. आमच्या उदारीकरणाच्या पोवाड्यांत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मालकाने पदरचे पैसे घातले की त्याला उद्योजकता म्हणतात आणि पुरस्कार देतात.

खिडकीखाली पाट उलटा ठेवला, त्यावर जुनं सुती फडकं, त्यावर बोर्ड. जुन्या सांध्यावर आधी नवं सोल्डर चढवलं. "जुनं एकटं वितळत नाही, त्याले सोबत लागते." कपॅसिटरचा एक पाय तापवायचा, किंचित कलवायचं, मग दुसरा पाय. तीनही निघाले. भोकं बुजली होती, ती तिने तापवून शिवणाच्या सुईने मोकळी केली. नवा कपॅसिटर घालण्याआधी प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायची, "पट्टा उणे बाजूले." कपॅसिटरच्या अंगावर उण्या पायाच्या बाजूला एक फिका पट्टा असतो; उलटा बसला तर फुटतो, म्हणून कामावर बोलून घालायची सवय. घरभर सोल्डरमधल्या राळेचा वास झाला.

एवढ्यात वडील आले. त्या दिवशी लवकर सुटले होते. "हा कसला वास?" म्हणत दारात आले आणि पाटावर आपला कॉम्प्युटर बघून तिथेच खिळले. "उघडला? कुणाला विचारून?"

आईने मान वर केली नाही. "अहो, उजेडातून जरा बाजूला व्हा."

वडील बाजूला झाले. माझ्या बावीस वर्षांत ते इतक्या चटकन बाजूला झालेले मी बघितले नव्हते.

नकाशा बघून वायरी परत लावल्या. बटण मी दाबलं. एक छोटी पीप. पडदा उजळला आणि उजळलेला राहिला. मी ओरडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "नाचू नको. आधी तुझं काढून घे फ्लॉपीवर. मग चार तास चालू ठेव. आमच्याकडे चार तास चालल्याशिवाय पास करत नसत."

मी दोन फ्लॉप्यांवर निवेदन घेतलं. आई खुर्ची ओढून बसली. त्या कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदाच. "वाच. काय लिहिलं आमचं ते ऐकू दे."

मी वाचायला लागले. सभेत वाचावं तसं, आवाज चढवून. वर्षानुवर्षे अंधारात खितपत पडलेल्या, अशिक्षित, असहाय भगिनी. नफेखोरांच्या टाचेखाली. मग एकेकीचं म्हणणं: कामाचे तास किती, स्वच्छतागृह नाही, पाळणाघर नाही, बाळंतपणाची रजा नाही, मुकादम कसा बोलायचा. बत्तीस जणींना मी संघटनेचे ठरलेले प्रश्नच विचारले होते आणि त्यांची उत्तरं रकान्यांत भरली होती. दोन पानं होईस्तोवर आई ऐकत राहिली.

"हे कोणाबद्दल आहे?"

"तुमच्याबद्दल."

"आम्ही काय करत होतो तिथं?"

"काम."

"कोणतं?"

मी पुढची पानं चाळली. मागची चाळली. कुठेच नव्हतं. स्वच्छतागृह बत्तीस वेळा होतं. कोण कुठल्या टेबलावर बसायची, हातातून काय जायचं, काय यायला लागायचं, त्याचा एक शब्द नव्हता. कारण आमच्या प्रश्नावलीत तो रकाना नव्हता. शोषण मोजायला आम्ही रकाने आखले होते; कसब असेल असं आम्हाला सुचलंच नव्हतं.

आई शांतपणे म्हणाली, "कंपनी म्हणते आम्ही पॅकिंगला होतो. तू म्हणतं आम्ही असहाय होतो. दोघांच्या कागदात आम्ही काम केलंच नाही."

मी तिन्ही तज्ज्ञांना मनातल्या मनात आठवडाभर शिव्या घालत होते. त्या रांगेत चौथी मी होते, आणि माझ्याइतका वेळ तर त्यांच्यापैकी कुणाला मिळालाही नव्हता.

शनिवार आणि रविवार आमच्या खोलीत बायकांची रीघ होती. चपला दाराशी काढा म्हणायला वडील उभे राहिले होते, पण पहिल्या चौघी तशाच आत आल्यावर तेही चहाच्या कामाला लागले. खुर्चीत एकेक जण बसायची आणि आई विचारायची. मी नाही, आई. "तू कोणत्या टेबलावर? बोर्डावर आधी काय बसवायची? का बरं आधी?" उत्तरं आली की मी नुसती टाइप करायची. सभेचा आवाज पहिल्याच पानाला बंद पडला. त्याला तिथे काही कामच नव्हतं.

ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी करणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "लिही, पोरी. त्या गाभ्याला मी जेवढे फेरे दिले तेवढे वडाला दिले असते तर नवरा अजून शंभर वर्षं जगला असता."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय, बरं झालं नाही दिले."

सगळ्या इतक्या हसल्या की मला टाइप करता येईना. त्याच म्हातारीने मग तारेच्या जाडीवरून किती फेरे लागतात ते बोटांवर मोजून सांगितलं आणि मी ते लिहिलं. सव्वीस जणी स्वतः आल्या, बाकीच्यांकडे आई रविवारी घरी जाऊन आली. कॉम्प्युटर दोन दिवस एकदाही बंद पडला नाही.

सोमवारी सकाळी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून निवेदन छापून घेतलं आणि आम्ही नऊ जणी कचेरीत गेलो. कंपनीतर्फे एक तरणाबांड अधिकारी आला होता, टायमध्ये, समोर लॅपटॉप उघडून. त्याने कंपनीचं म्हणणं पुन्हा सांगितलं. पॅकिंग. कंत्राटदार. अधूनमधून.

सुनावणी घेणारे साहेब वयस्क होते, कमी बोलणारे. त्यांनी आमचं निवेदन उलटलं, मधलं एक पान वाचलं आणि आईचा अर्ज क्रमांक पुकारला. "बाई, तुम्ही तिथे नेमकं काय करत होता?"

माझं तोंड उघडलं होतं. भाषण तयारच असतं माझं. पण साहेब आईकडे बघत होते, आणि आई उभी राहिली होती.

"साहेब, तपासणीत नापास झालेला बोर्ड माझ्याकडे यायचा. आधी डोळ्यांनी बघायचं, जळलंय का, फुगलंय का, सांधा कोरडा आहे का. मग मीटर लावायचा, वीज येते तिथून पुढे पुढे जायचं. जिथे थांबेल तिथला भाग काढायचा. नवा घालायचा. पुन्हा तपासायचं, आणि चार तास चालला की चिठ्ठीवर माझी खूण करून पास करायचा. दिवसाला वीस-बावीस व्हायचे."

टायवाला म्हणाला, "सर, हे सगळं पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून."

आई त्याच्याकडे वळली. "तुम्ही सांगा मग साहेब. तुमच्या यूपीएसच्या बोर्डावर आधी काय बसवतात, चिप का रेझिस्टर?"

तो लॅपटॉपकडे बघायला लागला. लॅपटॉपलाही माहीत नसावं.

साहेबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. कुणाच्या बाजूने काही बोलले नाहीत. निवेदन दाखल करून घेतलं, पुढची तारीख दिली आणि शेजारच्या लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. "अर्जदार हजर. कामाचं स्वरूप, अर्जदाराच्या सांगण्यानुसार, दुरुस्ती."

"दुरुस्ती आणि तपासणी," आई म्हणाली.

लेखनिकाचं पेन थांबलं. त्याने साहेबांकडे बघितलं.

"लिहा," साहेब म्हणाले. "दुरुस्ती आणि तपासणी."

तो लिहीपर्यंत आई टेबलावर वाकून उभी होती. शेवटचा शब्द पूर्ण झाला, त्याने ठिपका दिला, तेव्हा कुठे ती येऊन बाकावर बसली.